परवानगी द्यावी

हे मी रचलेलं नाही. रचायचंच असतं, तर त्यात मी स्वतःला जरा बरा माणूस दाखवला असता.

माझं चष्म्याचं दुकान आहे. लोकांचे डोळे तपासायचे, काचा घासायच्या, फ्रेमचे स्क्रू आवळायचे. पूर्वी कोणी भुताखेतांचं सांगायला लागलं, की मी म्हणायचो, "या एकदा दुकानात, नंबर वाढलेला दिसतोय."

आता म्हणत नाही.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. फेब्रुवारीतला दुसरा शनिवार. दुपारचे दोन. लख्ख ऊन होतं. अंधारबिंधार काही नव्हता.

जागा म्हणजे माझ्या बायकोचं ऑफिस. वजनकाटे बनवणारी कंपनी. तीन मजले, चारशे माणसं.

तिचं काम आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. मलाही ते तिनेच समजावलं होतं, जेवताना, ताटात बोटाने रेघा मारून.

कंपनीच्या सगळ्या फायली एका मोठ्या मशीनवर असतात. त्याला फाइल सर्व्हर म्हणतात. मोठं कपाट समजा. त्यात प्रत्येक खात्याचा एक कप्पा. डिझाइनचा वेगळा, खरेदीचा वेगळा, स्टोअरचा वेगळा. कोणता कप्पा कोणी उघडायचा, कोणी नुसतं वाचायचं, कोणी लिहायचं, हे सगळं माझी बायको ठरवायची. चारशे माणसांची चारशे गाऱ्हाणी. मॅडम, मला आत घ्या. मॅडम, याला बाहेर काढा. रविवारी भाजी निवडतानासुद्धा तिचा फोन वाजायचा.

मग नवीन मोठे साहेब आले. त्यांनी सांगितलं, हे अधिकार खात्यांना वाटून टाका. ज्याचं खातं, त्याचा प्रमुख ठरवेल कोणाला आत घ्यायचं ते. सर्व्हर सांभाळणाऱ्यालाही दुसऱ्याच्या कप्प्यात डोकावता येता कामा नये.

तीन महिने ती त्याचा आराखडा करत होती. आमचं जेवणाचं टेबल कागदांनी भरलेलं असायचं. सहा खाती, सहा रंग. मी ताट घेऊन सोफ्यावर बसायचो.

"म्हणजे तुझ्या हातात काय उरणार?" मी एकदा विचारलं.

"एक कप्पा. माझा स्वतःचा. बाकी मी सुटले."

"आणि कोणी चुकून भलत्यालाच आत घेतलं तर?"

"तर तो जाणे आणि त्याचा प्रमुख जाणे. मला काढताही येणार नाही."

असं म्हणून ती हसली होती. कितीतरी दिवसांनी मोकळी हसली होती.

अधिकार वाटायचा दिवस ठरला तो शनिवार. ऑफिसला सुट्टी, म्हणजे कोणाचं काम अडणार नाही. आदल्या दिवशी ती मला म्हणाली, "उद्या दुकान अर्धा दिवस बंद ठेवशील? माझ्याबरोबर चल."

"मी तिथे काय करणार?"

"काही नाही. नुसता बस."

मला वाटलं, एकटीला कंटाळा येत असेल. मी गेलो.

सर्व्हरची खोली तळमजल्यावर, एका अरुंद बोळाच्या टोकाला. काचेचं जाड दार. आत गार, एकसारखी घरघर. दाराला कार्ड लावलं की ते उघडतं. आतल्या बाजूला भिंतीवर एक मोठं हिरवं बटण होतं. नवीन बसवलेलं दिसत होतं, भोवतीचा रंगही ताजा होता.

मी बोळात खुर्ची टाकून बसलो. काचेतून ती दिसत होती. स्वेटर घालून, स्क्रीनसमोर.

एक एक खातं करत ती शेवटच्यापर्यंत आली. बोटांनी मला सहा दाखवलं. म्हणजे संपलं.

मी घड्याळ पाहिलं. दोनला एक मिनिट कमी.

आणि मग... तिची बोटं तशीच हवेत राहिली.

ती स्क्रीनकडे बघत होती.

मी कार्ड लावून आत गेलो. ते तिने मलाच धरायला दिलं होतं. का, ते तेव्हा मला कळलं नव्हतं.

स्क्रीनवर एक चौकोन आला होता. तशी सोय आधीपासून होती. ज्याला कप्पा उघडत नाही, त्याने अर्ज पाठवायचा. तो आता खात्याच्या प्रमुखाच्या फोनवर जातो. प्रमुखाने 'हो' किंवा 'नाही' दाबायचं. बस.

खातं – डिझाइन.

मागणाऱ्याच्या नावाच्या जागी नाव नव्हतं. नुसता एक लांबलचक आकडा.

आणि खाली, कारण या रकान्यात, लिहिलं होतं...

'दार उघडत नाहीये. परवानगी द्यावी.'

"कोण आहे हा?" मी विचारलं.

"एखाद्या माणसाचं कॉम्प्युटरवरचं खातं कायमचं पुसलं, की नाव जातं. आकडा मागे राहतो." तिचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"मग पुसलेला माणूस अर्ज कसा करेल?"

आमच्या डोळ्यांदेखत अर्जापुढे हिरवी खूण आली. कोणीतरी 'हो' दाबलं होतं.

बोळात येऊन तिने लगेच डिझाइनच्या प्रमुखांना फोन लावला. ते घरी होते. मागे भांड्यांचा आवाज येत होता.

"हो मॅडम, आत्ताच दाबलं. तुम्ही म्हणाला होतात ना, आज चाचणी आहे म्हणून."

"सर, ते आधी काढा. कोणाला आत घेतलंय ते यादीत बघा आणि काढून टाका."

ते यादी चाळत होते.

"मॅडम... यादीत तर नवीन कोणीच नाही. माझीच बारा माणसं आहेत."

ती फोन ठेवतच होती, तेवढ्यात वरून आवाज आला.

टक. टक. टक.

मग थांबला. कोणी उत्तराची वाट बघावी, तेवढा वेळ.

टक. टक. टक.

डिझाइन खातं बरोबर आमच्या डोक्यावर होतं. आम्ही वर गेलो, वॉचमनला घेऊन. मोठा हॉल, रिकामी टेबलं, पडद्यांतून ऊन आलेलं. शेवटी नकाशे ठेवायची छोटी खोली. दाराला बाहेरून कुलूप.

ठोकणं त्या खोलीतून येत होतं. आतून.

जोरात नव्हतं. रागाने नव्हतं. बोटाच्या पेराने, अदबीने. साहेबांच्या केबिनवर ठोकावं तसं.

वॉचमनने कुलूप काढलं. आत कोणी नव्हतं. कागदांच्या गुंडाळ्या, एक शिडी.

पण त्या खोलीतली हवा... खालच्या सर्व्हरच्या खोलीसारखी गार होती. तिथे एसी नव्हता.

वॉचमन माझ्या बायकोकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "मॅडम, आज शनिवार आहे."

एवढंच म्हणाला. ती तिथल्याच एका खुर्चीत मटकन बसली.

घरी आल्यावर तिने सांगितलं. दोन वर्षं लग्नाला झाली होती आमच्या. हे तिने मला कधीच सांगितलं नव्हतं.

तिच्या आधी ते काम एक वयस्कर गृहस्थ करायचे. सगळे त्यांना चावीकाका म्हणायचे. फायली लोखंडी कपाटांत असायच्या, तेव्हापासूनचे ते. बायको वारलेली, मूलबाळ नाही. माझ्या बायकोला त्यांनीच घडवलं. ती नवी असताना रडली, तर तिला स्वतःच्या डब्यातलं खायला घालायचे आणि म्हणायचे, "पोरी, मशीनला घाबरायचं नसतं. मशीन सांगितलेलंच करतं."

ते निवृत्त झाले एका शुक्रवारी. संध्याकाळी हार झाला, भाषण झालं. वरून कागद आला होता, यांचं खातं आजच बंद करा. साडेपाचला माझ्या बायकोने ते बंद केलं. नियमाप्रमाणे.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, काका ऑफिसात आले. तिच्यासाठी एक वही लिहीत होते, कुठली तार कुठे जाते त्याची. ती पुरी राहिली होती. वॉचमनने ओळखीचे म्हणून सोडलं. दीड वाजता ते सर्व्हरच्या खोलीत गेले. कार्ड चाललं.

चाललं, कारण दाराची यादी सर्व्हरवरून दिवसातून एकदाच बदलायची. दुपारी दोनला.

दोनला ती बदलली. काकांचं नाव दारातून गेलं.

तेव्हा बाहेर पडायलाही कार्डच लागायचं. हिरवं बटण नव्हतं. जाड काच, घरघर, फोनला रेंज नाही. वॉचमन फाटकावर.

आतल्या कॉम्प्युटरवरही त्यांचं खातं बंद. पण ज्याला आत घेतलेलं नाही, त्यालाही एक गोष्ट करता येते. अर्ज.

त्यांनी सात अर्ज पाठवले. तिला.

'दार उघडत नाहीये. परवानगी द्यावी.'

सात वेळा तेच. तेव्हा सगळे अर्ज तिच्याच फोनवर यायचे. ज्या पोरीला त्यांनी हाताला धरून शिकवलं, तिलाही 'द्यावी' लिहिलं होतं. कामात ते असेच होते.

"आणि तू?" मी विचारलं. विचारताना मला उत्तर माहीत झालं होतं.

त्या शनिवारी आम्ही दोघं तळ्यावर गेलो होतो. लग्नाला तीन आठवडे झाले होते. तिचा फोन मीच बंद करून माझ्या पिशवीत टाकला होता. म्हटलं होतं, आजचा दिवस तरी जग बुडालं तरी चालेल.

काका सोमवारी सकाळी सापडले. दारापाशी बसलेले. डॉक्टर म्हणाले, हृदय. काचेवर आतून हातांचे ठसे होते, ते पुसायला दोन माणसं लागली.

"मी ते सात अर्ज पुसले," ती म्हणाली. "कोणाला दाखवले नाहीत."

मी तिला जवळ घेतलं.

अधिकार वाटल्यानंतरच्या सोमवारी ती मोठ्या साहेबांकडे गेली. सगळे कप्पे उघडू शकेल असा एक वरचा पासवर्ड असतो. तो एका पाकिटात बंद करून साहेबांच्या कपाटात ठेवला होता. तिने तो मागितला. साहेबांनी तासभर कुरकुर केली आणि अखेर पाकीट फोडलं. तिने डिझाइनचा कप्पा उघडला, यादी वरपासून खालपर्यंत पाहिली.

तो आकडा यादीत नव्हताच.

"नाहीच, तर काढू काय?" ती मला रात्री जेवताना म्हणाली. तिने एक घासही घेतला नव्हता.

साहेबांनी पाकीट पुन्हा चिकटवलं. म्हणाले, "मॅडम, थोडी सुट्टी घ्या."

ठोकणं मात्र डिझाइनमध्ये चालूच राहिलं. रोज नाही. शनिवारी, दोननंतर. ज्यांची शनिवारी पाळी असायची, ते त्या खोलीकडे पाठ करून बसायला लागले.

पुढचा शनिवार आला. तिने सगळ्या प्रमुखांना आधीच फोन केले होते. दोन वाजता काहीही आलं तरी 'हो' दाबू नका. सगळे म्हणाले, बरं.

दोनला अर्ज खरेदीकडे गेला. दोन वाजून एक मिनिटाने हिरवी खूण.

"मॅडम, देवाशपथ, मी हात लावला नाही. फोन खिशात होता."

तिसऱ्या शनिवारी स्टोअर. तिथले प्रमुख म्हणाले, "पण अर्ज तुमच्याच नावाने आला होता की."

चौथ्याला उत्पादन. पाचव्याला डिस्पॅच.

प्रत्येक खात्यात एखादं बंद दार होतंच. कपाटखोली, तिजोरी, थंड साठ्याची खोली. त्याच्या आतून मग...

टक. टक. टक.

कोणाला काही इजा झाली नाही. कोणी पडलं नाही, कोणी मेलं नाही. लोक नोकऱ्या सोडायला लागले, एवढंच. ती मात्र वाळत चालली होती. "मीच वाटले ना अधिकार," म्हणायची. "माझ्याकडे असते, तर सहाही दारांशी मी एकटी उभी राहिले असते. आता मी कोणाकोणाला अडवू?"

सहावं खातं क्वालिटीचं. तिथल्या प्रमुख बाई खमक्या. त्यांनी तीन शनिवार 'नाही' दाबलं. तिसऱ्या 'नाही'नंतर त्या घरून निघाल्या आणि त्यांच्या इमारतीची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. एक तास वीस मिनिटं. आत त्या एकट्याच.

बाहेर आल्यावर त्यांनी स्वतःहून माझ्या बायकोला फोन केला. मी शेजारीच बसलो होतो, स्पीकर चालू होता.

"मी 'हो' दाबलंय," त्या म्हणाल्या. आवाज रडून बसलेला होता.

"का हो?"

"दार उघडत नाही म्हणजे काय असतं, ते मला आज कळलं. पुन्हा कोणी विचारलं, तर माझ्याच्याने 'नाही' म्हणवणार नाही."

आता एकच कप्पा राहिला होता.

तिचा.

पुढच्या शनिवारी आमच्या जेवणाच्या टेबलावर, तिच्या लॅपटॉपवर, दोन वाजता तो चौकोन आला. तिने 'नाही' दाबलं. दाबताना तिची मान दुसरीकडे वळलेली होती. मग ती बराच वेळ नळाखाली हात धूत राहिली.

त्याच्या पुढच्या शनिवारी तेच.

आठवडाभर तिला झोप नव्हती. डोळ्यांखाली काळं पडलं होतं. बसल्या जागी दचकायची. मी डॉक्टर नाही, पण डोळे रोज बघतो. ते डोळे मिटणं विसरलेल्या माणसाचे होते.

तिसऱ्या शनिवारी मी एक वाजताच दुकान बंद करून घरी आलो. आणि बघतो तर काय, ती झोपली होती. बेडरूममध्ये, कुशीवर, तोंडापर्यंत चादर. इतकी गाढ, की मला बरं वाटलं. भांड्यांच्या आवाजाने जाग येऊ नये म्हणून बेडरूमचं दार मी हळूच लोटून घेतलं.

मीच घेतलं.

दोन वाजले. टेबलावर लॅपटॉप उघडा होता. मंद आवाज झाला आणि...

'दार उघडत नाहीये. परवानगी द्यावी.'

तिला उठवायला हवं होतं. उठवलं नाही.

मी ते वाक्य वाचत बसलो. मला एकदम त्या म्हाताऱ्या माणसाची कीव आली. दोन वर्षं हा दाराशी उभा आहे. रागावलेला नाही, शिव्या देत नाही. नुसता विचारतोय. आणि तो पहिल्यांदा विचारत होता, तेव्हा ते उत्तर माझ्या पिशवीत बंद पडलं होतं.

एक 'हो' म्हणायला काय जातं? म्हणून टाकावं. सुटेल बिचारा.

मी 'हो' दाबलं.

घर एकदम शांत झालं. फ्रिजची घरघर बंद झाल्यावर कळतं ना, की आत्तापर्यंत ती चालू होती, तसं.

आणि मग बेडरूमच्या दारातून...

टक. टक. टक.

मी सुटकेचा निःश्वास टाकला. म्हटलं, उठली. जाऊन दाराला धक्का दिला.

दार हललं नाही.

"अगं, कडी काढ."

आतून तिचा आवाज आला. शांत, झोपेतला नाही.

"दार उघडत नाहीये."

"आतून कडी लागली असेल. बघ जरा."

थोडा वेळ गेला. उत्तराची वाट बघावी, तेवढा.

"परवानगी द्यावी."

माझी बायको माझ्याशी अशी कधीच बोललेली नाही. तिला काही हवं असलं, तर ती म्हणते, "ए, दे ना."

"दिली," मी म्हणालो. "दिली परवानगी. ये बाहेर."

टक. टक. टक.

मी लॅपटॉपकडे धावलो. 'नाही' दाबायचं होतं. चौकोन गेला होता. मी तिथे जे दिसेल ते दाबत सुटलो. मला त्यातलं काय कळतं? मी परत दाराशी आलो, खांद्याने धडका दिल्या. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, खिडकीला जाळी. आतून तोच अदबीचा आवाज, पुन्हा पुन्हा. मी सात मोजले. त्यानंतर आवाज आला नाही. ते न येणं जास्त वाईट होतं.

खालच्या गल्लीतल्या सुताराला ओढत आणलं. त्याने पटाशी लावली, कुलपाभोवतीचं लाकूड कापलं. पन्नास मिनिटं लागली. पन्नास मिनिटं मी भिंतीला टेकून फक्त तिला हाक मारत होतो. ओ नव्हती.

दार उघडलं.

ती पलंगावर तशीच झोपली होती. कुशीवर. चादरीची घडीही मोडली नव्हती.

खोली बर्फासारखी गार.

सुताराने कापलेलं दार उलटून पाहिलं. त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"साहेब, कडी लागलेलीच नाही. कुलपाची जीभही आत आहे. हे दार बंद नव्हतंच."

मी दाराची आतली बाजू बघत होतो. लाकडावर, छातीच्या उंचीवर, दोन ओलसर तळवे उमटले होते. गार काचेवर वाफ धरते, तसे. माझ्या डोळ्यांसमोर ते विरत गेले. तळवे मोठे होते. तिचे हात लहान आहेत, तिला बांगड्यासुद्धा लहान मुलींच्या मापाच्या लागतात.

ती जागी झाली ती मी खांदा हलवल्यावर.

"किती वेळ ठोकत होतास?" ती म्हणाली.

"मी?"

"बाहेरून ठोकत होतास ना तू. मी झोपेतच म्हणत होते, ये, ये. किती वेळा म्हटलं. तू येतच नव्हतास."

त्याच संध्याकाळी वॉचमनचा फोन आला. तो खुशीत होता. म्हणाला, "साहेब, मॅडमना सांगा, आज कुठेच आवाज नाही. दोननंतर सगळीकडे एकदम गप्प. सुटलो बघा आपण."

तिने महिन्याभरात नोकरी सोडली. कंपनीतलं ठोकणं त्यानंतर कधी ऐकू आलं नाही. लोक विसरलेही असतील.

आमच्या घरात मी आतल्या खोल्यांची सगळी दारं काढून टाकली. नुसते पडदे लावले. येणारे जाणारे विचारतात, मी सांगतो, हवा खेळती राहते.

ती बरी आहे. जेवते, झोपते, दुकानात मला मदत करते. डॉक्टर म्हणतात, मनावर ताण होता, जाईल हळूहळू.

फक्त एक गोष्ट आहे. ती तिला स्वतःला कळत नाही.

ती कुठेही विचारल्याशिवाय आत जात नाही.

स्वयंपाकघराच्या पडद्याशी थांबते. म्हणते, "येऊ का?" मी म्हणतो, "ये गं, तुझंच घर आहे." मग आत जाते. पाण्याचा पेला घेऊन परत येते, हॉलच्या उंबऱ्याशी थांबते. "येऊ का?"

मी उत्तर दिलं नाही, तर ती तशीच उभी राहते. चिडत नाही. पुन्हा विचारते.

मागच्या महिन्यात मला काचा आणायला बाहेरगावी जावं लागलं. परत आलो तर शेजारच्या काकूंनी जिन्यातच गाठलं. हळू आवाजात म्हणाल्या, "अरे, तुझी बायको सकाळपासून तुमच्याच दारात उभी आहे. हातात किल्ली आहे. मी म्हटलं आत जा, तर नुसती हसते."

पाच तास. किल्ली हातात धरून.

तेव्हापासून मी तिला सोडून कुठे जात नाही. दिवसातून पन्नास वेळा 'ये' म्हणतो. त्याची सवय झाली आहे.

ज्याची सवय होत नाही, ते वेगळंच आहे. तेही मी हल्लीच नीट बघायला लागलो.

मी 'ये' म्हणतो. ती पडदा सारून आत येते. पण लगेच पुढे येत नाही. पडदा हाताने धरून ठेवते, थोडी बाजूला सरकते. मागून येणाऱ्या वडीलधाऱ्या माणसाला वाट द्यावी, तशी.

आणि मग माझ्याकडे बघत थांबते.

एकदा 'ये' म्हणून झालेलं असतं. तरी ती थांबते. मी अजून काहीतरी म्हणावं म्हणून.

मी अजून म्हटलेलं नाही.